तिसरा परिच्छेद

७ ऑगस्ट ९५, सोम.

पाऊस शेडच्या आत. पत्रा दोन जागी गळतो. मशीनवर प्लास्टिक ओढून टाइप केलं. कोर्टाबाहेर आज तीन टायपिस्ट बसले होते, पण रांग माझ्यापुढे. उगाच नाही, एकवीस वर्षं होतील इथे पेणला.

पाटणकर वकिलांचा एक पोटगीचा अर्ज केला. कलम १२५. अर्जदार वनिता, माहेर इथल्याच खाडीकाठच्या खारेपाटात, सासर रोह्याला. नवरा प्राथमिक शिक्षक. एक मुलगी, दुसरीतली. बाई समोर बाकावर पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसलेली. पाटणकरांनी चिठ्ठीवर नावं, वय, लग्नाचं साल एवढंच दिलं आणि जाता जाता म्हणाले, "शालनताई, तिसरं टाका नेहमीचं." टाकलं. तिसरा परिच्छेद मला डोळे मिटून येतो. "सामनेवाला हा अर्जदारास वेळोवेळी लाथाबुक्क्यांनी मारहाण करून, उपाशीपोटी ठेवून, नेसत्या वस्त्रानिशी घराबाहेर हाकलून दिले." बोटं आपली पळतात, मी तोवर बाहेर एसटी कुठली आली ते बघते.

मध्येच बाईने तोंड उघडलं. "ताई, त्यांचं असं व्हतं का—"

म्हटलं, "थांबा हो, कार्बन हलेल."

अठरा मिनिटांत अर्ज तयार. तिने सही केली. मजकूर खरा आहे म्हणून खाली छापील असतं, तिथे. अक्षर काय सुरेख! मी म्हटलंसुद्धा तसं. तर एकदम कावरीबावरी झाली. लाजली असेल.

घरी येऊन मुगाची खिचडी. पाय ओले राहून राहून चिखल्या झाल्यात.

२३ नोव्हेंबर ९५, गुरु.

वनिताच्या नवऱ्याचं म्हणणं आलं कोर्टात. गुरुजींनी स्वतः बसून लिहिलेलं दिसतंय, एक काना-मात्रा चुकलेली नाही. "मी आजतागायत पत्नीवर हात उगारलेला नाही. तिला सन्मानाने नांदवण्यास मी आजही तयार आहे."

पाटणकर हसले. म्हणाले, "सगळे तयारच असतात. बाईकडे न नांदण्याचं पुरेसं कारण नसलं की कोर्ट म्हणणार, मग जा की परत, पोटगी कशाला? आपलं कारण तिसऱ्यात आहे. तुम्ही घाबरू नका."

मी कशाला घाबरू? माझं काय जातंय त्यात?

वनिता चौकीतही जाऊन आली होती म्हणे, अर्जाच्या आधी. तिथल्या माणसाने विचारलं, वळ कुठाय दाखव. दाखवायला काही नव्हतं. परत आली.

१३ फेब्रुवारी ९६, मंगळ.

लिहू की नको.

दुपारी वीज गेली, काम बंद, म्हणून कोर्टात जाऊन मागच्या बाकावर बसले. वनिताचा उलटतपास चालू होता. समोरच्या वकिलांनी अर्ज हातात धरून विचारलं, "तुमच्या नवऱ्याने तुम्हाला लाथाबुक्क्यांनी मारलं?"

वनिता म्हणाली, "नाय."

"एकदा तरी?"

"नाय. कदी हात नाय लावला त्यांनी."

हशा पिकला. पाटणकरांनी खाली मान घातली. "मग हे अर्जात लिहिलंय ते खोटं?" वनिताने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "सही तुमचीच ना?" "व्हय." "वाचून सही केलीत?" "मला वाचून नाय दाखवलं."

मग त्यांनी वह्या काढल्या. अकरा. खाकी कव्हरं, वर चौकोनी लेबल, लेबलावर लाल शाईने "चुकांची वही". सगळ्या वनिताच्या हातच्या. रोज एक चूक, खाली तिची सही, त्याखाली लाल शाईत "पाहिले" आणि गुरुजींची सही, शाळेत असते तशी. वकील वाचत गेले. "आज भातात मीठ जास्त पडले. माझ्या निष्काळजीपणामुळे." "न विचारता आईला पत्र टाकले." "पाहुण्यांसमोर मोठ्याने हसले."

म्हणाले, "साहेब, आठ वर्षांच्या संसाराची ही नोंद, बाईच्याच हातची. यात मारहाणीचा एक शब्द नाही. बाई कशी वागते हे बाईनेच कबूल केलंय. आणि गुरुजी अजूनही नांदवायला तयार आहेत."

"पाहुण्यांसमोर मोठ्याने हसले" याला सगळं कोर्ट हसलं. मीपण हसले. तोंडावर रुमाल धरून, खांदे हलवत. हे लिहून ठेवते, नाहीतर उद्या माझं मीच म्हणेन की हसले नव्हते. वनिताने मागे वळून बघितलं तेव्हा मी हसत होते.

१४ फेब्रुवारी

सकाळी आधी तिचाच राग आला. मूर्ख बाई, एक 'हो' म्हणायला काय जात होतं? आख्ख्या पेण तालुक्यातल्या बायका 'हो' म्हणतात. मग चहा ओतताना हात थांबला. म्हणजे मी तिने खोटं बोलायला हवं होतं म्हणतेय. शपथेवर. माझं खोटं तिने निस्तरायचं.

ती खरं बोलली आणि खोटारडी ठरली. खोटं मी लिहिलं आणि मी आज सकाळी साडेदहाला मशीन पुसून खुर्चीत बसले, लोकांनी नमस्कार केला.

जेवण गेलं नाही.

१७ फेब्रुवारी, शनि.

वनिताच्या गावी गेले. कुणी बोलावलं नव्हतं. सकाळची एसटी, मग बांधावरून चालत. एका बाजूला मिठागरं, पांढरी ढेकळं रचून ठेवलेली. तिची आई दारात सुकट निवडत होती. मी कोण ते सांगितल्यावर तिने वर बघितलंच नाही.

"तूच काय गो ती मशीनवाली? माझे पोरीला त्यानं बोट लावलं नाय. मंग तू लिवलंस कसं?"

काय सांगणार? म्हटलं, "चुकलं, मावशी."

"चुकलं म्हनं. कोर्टात माझी पोर हसं झाली."

वनिता आतून आली. पाणी दिलं, तेही हातात नाही, खाली ठेवलं. मी म्हटलं की मी कोर्टात सांगेन, ते वाक्य माझं होतं, तुझं नव्हतं. वाटलं होतं तिला बरं वाटेल. रडेल, हात धरेल, असलं काहीतरी डोक्यात घेऊन गेले होते मी. तर ती शांतपणे म्हणाली, "त्यांनी माझ्याकडनं चुका लिहून घेतल्या. तुमी मार लिहिलात. माझं म्हनून जे काय हाय ते कोनी लिहिलंच नाय."

मी म्हटलं, आता लिहू.

म्हणाली, "आता काय, तुमच्या मशीनला सवड हाय व्हय?"

बरोबर आहे तिचं. परत येताना चप्पल खाडीच्या चिखलात रुतून तुटली. ती हातात घेऊन पेणपर्यंत आले. कुणी बघितलं तर बघू दे.

२५ फेब्रुवारी, रवि.

आली. वनिता, मुलीलाही घेऊन. मशीन घरी आणून ठेवलं होतं. मुलीला पोह्याचे पापड तळून दिले, ती कोपऱ्यात कुरकुर खात बसली आणि एकेक तुकडा खाली पडला की आईकडे बघायची. चारदा म्हटलं, अगं सांडू दे गं. तरी प्रत्येक कण वेचला तिने.

सुरुवातीला माझी खोड आडवी आली. वनिता म्हणाली, "ते बोलायचे नाय." मी टाइप केलं, 'सामनेवाल्याने अर्जदारास मानसिक त्रास दिला.' ती म्हणाली, "काय लिहिलंत, वाचा." वाचलं. "मी असं नाय बोलले. खोडा." कागद काढला, नवा चढवला. मग ती बोलेल तसंच टाइप केलं. नाय ला नाय. आयुष्यात पहिल्यांदा.

तिचंच इथे उतरवते.

"पयल्यांदा गंमत वाटली. म्हनाले, रोज एक ओळ लिहीत जा, अक्षर सुधारेल. रोजची एक चूक. म्हटलं, चूक नसली तर? म्हनाले, असं मानूस नसतं, शोध. मंग मी शोधायला लागले. वही तपासल्याबिगर ते जेवायला बसायचे नाय. ते बसल्याबिगर मी कशी बसनार? उपाशी ठेवलं असं म्हनता येत नाय त्याला, त्यांनी कदी सांगितलं नाय की जेवू नको."

"शिवी नाय. ओरडनं नाय. एकदा मी म्हटलं आज नाय लिहीत, आज काय चुकलंच नाय. तर अठरा दिवस बोलले नाय. समोर बसून पोरीला सांगायचे, तुझ्या आईला सांग पानी दे. एकोनिसाव्या दिवशी मीच वही काढली."

"कवा कवा चूक सापडायची नाय. मंग मुद्दाम करायची. दूध उतू घालवायचं. लिहायला कायतरी लागतं ना."

हे टाइप करताना माझी बोटं दोनदा अडखळली. ती थांबून राहिली, आणि पुढे सांगायला लागली.

घर का सोडलं, हे मी सगळ्यात शेवटी विचारलं. अर्जात लिहिलं होतं, मारून हाकलून दिलं. ती म्हणाली, "कोनी नाय हाकललं. जूनमधी शाळा सुरू झाली. पोरीची दुसरीची पुस्तकं आनली, वह्या आनल्या, आनि एक वही जास्त. कव्हर घातलेली, तिचं नाव लिहिलेली. म्हनाले, हिची पन आता सुरू करू. पोरीनं पयली ओळ लिहिली, 'मी बाबा आल्यावर उठून उभी राहिले नाही.' पळत मला दाखवायला आली. म्हनाली, आई बघ, यात एक पन चूक नाय."

शुद्धलेखनाची म्हणत होती पोर.

"त्याच दुपारी तिला घेतली आनि एसटीत बसले."

चार पानं झाली. हे सगळं ऑगस्टात ती मला सांगणार होती. "त्यांचं असं व्हतं का" इथपर्यंत आली होती. कार्बन हलेल म्हणून मी गप्प बसवली. लाज वाटते. साधी लाज नाही, मान खाली गेली की वर येत नाही अशी.

२६ फेब्रुवारी

सासरच्या छळाचं ते फौजदारी कलम, ४९८ अ, आज मुद्दाम काढून वाचलं. मी शंभरदा तरी टाइप केलं असेल ते. त्यात आरोग्याला धोका म्हटलंय, आणि पुढे म्हटलंय शारीरिक किंवा मानसिक. मानसिक! तो शब्द तिथेच होता, तेरा वर्षं. बोटांना माहीत होता, मला नव्हता.

७ मार्च, गुरु.

पाटणकरांशी वाजलं.

चार पानं वाचली त्यांनी. चष्मा काढून डोळे चोळले. मग म्हणाले, "शालनताई, हे कथेत ठीक. कोर्टाला वळ लागतो, पट्टी लागते, डॉक्टरचा कागद लागतो. नवरा वही तपासतो म्हणून बायको सोडून आली? लोक म्हणतील, चांगलंच आहे की, शिकवत होता."

मी म्हटलं, कायद्यात मानसिक शब्द आहे.

"आहे ना. छापलेला आहे. चालवून दाखवा."

मग माझाही तोंडाचा पट्टा सुटला. म्हटलं, तुम्ही चालवलाय का कधी? इतक्या वर्षांत एकदा तरी? का आपलं तिसरं टाका, तिसरं टाका?

ते चिडले नाहीत, तेच वाईट. म्हणाले, "तिसरं टाकतो कारण त्याशिवाय मिळत नाही. एकेकीच्या पोरांची शाळा चालली आहे त्या एका वाक्यावर. खरं लिहून त्यांना रिकाम्या हाताने घरी पाठवू?"

मी एवढंच म्हटलं, मला साक्षीला बोलवा.

चष्मा परत लावून म्हणाले, "साक्षीला यायचंय म्हणता? बोलावतो. माझं नाव आलं तर येऊ दे. केस तशीही बुडालीय."

२४ मार्च, रवि. रोहा

दादाकडे आले होते रोह्याला, वहिनीच्या हळदीकुंकवाला. दुपारी परतीसाठी स्टँडवर बसले, तर समोर गुरुजी. कोर्टात पाहिलेलं, म्हणून ओळखलं. पांढरा शर्ट, कडक इस्त्री. त्यांनीच नमस्कार केला.

"ताई, पेणच्या टायपिस्ट ना आपण? बसू का?"

मी म्हटलं बसा. बोलले किती गोड! पाऊस यंदा लवकर येईल, पेणची गाडी नेहमी उशिरा, असं. माझ्या मनात आलं, हा माणूस कुणाला काय करणार? हेही लिहून ठेवते.

मग पिशवीतून एक कागद काढला. आमच्या अर्जाची नक्कल. सगळ्या पानांवर लाल खुणा.

"हा तिसरा परिच्छेद बघा. 'सामनेवाला हा… हाकलून दिले.' कर्ता आणि क्रियापद जुळत नाहीत. 'सामनेवाल्याने' हवं. आणि 'वस्त्रानिशी' नाही, 'वस्त्रांनिशी'. अनुस्वार. इतकी वर्षं टाइप करताय, कुणी सांगितलं नाही?"

खोटं लिहिलंत, असं एका शब्दाने म्हणाले नाहीत. फक्त अनुस्वार.

आणि मी काय म्हटलं? मी म्हटलं, "चुकलं, गुरुजी."

"असू दे. पुढच्या वेळी लक्ष ठेवा." कागद घडी घालून परत पिशवीत ठेवला. माझी गाडी लागली तेव्हा हात जोडून उभे राहिले.

कोलाड गेलं, नागोठणं गेलं, तरी तळहाताला घाम. मी त्रेचाळीस वर्षांची बाई, कोर्टाच्या दारात बसते, शिपायापासून साहेबांपर्यंत कुणाला भीत नाही. पाच मिनिटांत माफी मागून मोकळी झाले. तिने आठ वर्षं काढली.

२७ मार्च

तीन दिवस झाले, एकही कागद सरळ होत नाही. प्रत्येक शब्दावर अनुस्वार आहे का बघते. आज एका भाडेकराराला दीड तास लागला. शेजारचा टायपिस्ट म्हणाला, "ताई, बोटं दुखतात का?" म्हटलं हो.

१० एप्रिल, बुध.

साक्ष झाली. अर्धी.

पाटणकरांनी विचारलं, "हा तिसरा परिच्छेद अर्जदाराने आपल्याला सांगितला होता का?"

"नाही."

"मग कुठून आला?"

"मला पाठ आहे. नेहमीचा आहे. वकिलांनी टाका म्हटलं, मी टाकला. बाई सांगत होत्या काहीतरी. मीच त्यांना गप्प केलं."

माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता. साहेबांनी दोनदा मोठ्याने बोला म्हटलं. मग वनिताचं चार पानी शपथपत्र दाखल झालं. साहेबांनी ते तिथेच वाचलं, सावकाश, पान उलटून मागे जाऊन परत पुढे. मागचे बाक भरलेले होते पण कुणी हसलं नाही. साहेबांनी वह्या मागवल्या. त्यातली एक उघडून वनिताला विचारलं, "हे दूध तुम्ही मुद्दाम उतू घालवलंत?" ती म्हणाली, "व्हय, साहेब." साहेबांनी लिहून घेतलं. गुरुजी ताठ बसले होते, नजर समोर.

मला वाटलं, जमलं. देवा, जमलं.

मग समोरचे वकील उठले.

"ताई, परिच्छेद पाठ आहे म्हणता. म्हणून दाखवा."

म्हटला. एका दमात. मागे बायका होत्या दोन-तीन, त्यांच्याकडे बघवलं नाही.

"हाच परिच्छेद आपण इतर अर्जांत टाकलाय?"

"हो."

"पुष्कळ?"

"हो."

"त्यांतल्या कितीजणींना आपण विचारलं होतंत, की हे खरं आहे का?"

त्यांनी परत विचारलं. साहेब म्हणाले, साक्षीदाराने उत्तर द्यावं. मी कठडा धरून उभी. घड्याळात साडेपाच वाजून गेले होते. साहेबांनी माझ्याकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं, आणि म्हणाले, शुक्रवारी याच प्रश्नापासून सुरू करू.

बाहेर पाटणकर घामाघूम. "काय करून ठेवलंत हो! माझे किती अर्ज आहेत याच कोर्टात, सगळे तिसऱ्यासकट. त्यातल्या ज्या खरोखर मार खातात त्यांचं काय? शुक्रवारी म्हणा, आठवत नाही. शपथेवर माणसाला आठवत नाही असं होऊ शकतं."

आठवत नाही म्हटलं तर समोरचे म्हणणार, हिला काही आठवत नाही, मग वनिताचं तेवढं बरं आठवलं? माझी साक्ष गेली की वनिता गेली. परत रोह्याला, त्या घरात, पोरीसकट. आणि खरं सांगितलं, की एकीलाही विचारलं नाही, तर बाकीच्या सगळ्या गेल्या.

वनिता पायरीवर उभी होती. तिला सगळं समजलं होतं, न सांगता. म्हणाली, "ताई, तुमी काय बोलायचं ते मी नाय सांगनार. मला कोनी सांगितलेलं चालत नाय आता."

मुलीचा हात धरून स्टँडकडे गेली.

११ एप्रिल, गुरु.

सकाळी पलंगाखालची ट्रंक ओढली. कार्बनच्या नकला, वर्षवार बांधलेल्या. धूळ. एकेक काढून तिसरा परिच्छेद बघत गेले. सगळीकडे तोच. काही बायकांचे चेहरे आठवतात. एकीचा डोळा सुजलेला होता, ते पक्कं आठवतं. एकीचा हात गळ्यात. बाकीच्यांचं काय झालं होतं कोण जाणे. कुणाला कोंडून ठेवलं असेल, कुणाला माहेरी जाऊ दिलं नसेल, कुणाशी कुणी बोललं नसेल. सगळ्यांना मीच मारलं, लाथाबुक्क्यांनी.

ज्यांना खरंच मार पडला, त्यांचंसुद्धा मी लिहिलं नाही. तेही माझंच वाक्य.

दुपारी शेडमध्ये बसले. कामं आली नाहीत. बातमी पसरलीय, लोक शेजारच्याकडे वळतात. वळू दे.

चारच्या सुमाराला हमरापूरची एक बाई आली, सुमन. जानेवारीत तिचा अर्ज मीच केला होता, पोटगीचाच. तारीख सोमवारी, याच कोर्टात. गणपतीच्या कारखान्यात रंगाचं काम करते, नखांत पांढरा रंग तसाच. चालत आलेली असणार, धापा टाकत होती. बस म्हटलं तर बसली नाही.

"ताई, काल तुमी कोर्टात काय बोललात ते आमच्याकडं पोचलं."

मी मशीनवरचं कापड काढलं.

"माझं खरं हाय, ताई. मला मारतो तो. उद्या साहेबांना तेवढं सांगा ना, की सुमनचं खरं हाय. बाकीच्यांचं मला माहीत नाय. माझं तेवढं सांगा."

मी तिची नक्कल सकाळीच वर काढून ठेवलेली. तीच समोर धरली. तिसरा परिच्छेद वनिताच्या अर्जात होता तसाच, अक्षरन् अक्षर. मशीनमध्ये कोरा कागद चढवला. तिला विचारलं, "कसा मारतो? काय काय करतो, सांग."

सुमन माझ्याकडे बघतच राहिली.

"आता इचारता व्हय, ताई?"